शरीराचं कॅलेंडर आणि जाहिरातीचं

शुक्रवारी ऑपरेशन, सोमवारी ऑफिस. लायपोसक्शनच्या जाहिरातींचा मथितार्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि तो अगदीच खोटा असतो असंही नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूची थोडीशी चरबी काढलेली, तब्येत ठणठणीत, काम टेबलाशी बसून करायचं, अशी व्यक्ती चौथ्या दिवशी खरोखरच लॅपटॉप उघडून बसू शकते. मात्र त्या सोमवारी कपड्यांच्या आत घट्ट पट्टा असतो, मांड्या काळ्यानिळ्या असतात, कातडी बधिर असते आणि आरशात दिसणारा आकार ऑपरेशनच्या आधीपेक्षाही जाड असतो. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जायचे असतात. त्या महिन्यांबद्दल जाहिरात काही बोलत नाही.

सौंदर्य-शल्यचिकित्सकांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी जगभरची आकडेवारी गोळा करते. तिच्या हिशेबात २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत लायपोसक्शन ही सौंदर्यासाठी सर्वाधिक केली गेलेली शस्त्रक्रिया होती. दर वर्षी वीस लाखांहून जास्त. इतक्या लोकांवर होणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर पट्टा किती आठवडे बांधावा, मालिश करावी की नाही, याबद्दल भक्कम पुरावा फार थोडा आहे. उलट जिवावर बेतणारे धोके कोणते आणि ते साधारण कधी येतात, हे बऱ्यापैकी नीट माहीत आहे. गंमत अशी की रुग्णाशी जास्त बोललं जातं ते पहिल्या गोष्टीबद्दल. दुसरी संमतीपत्राच्या बारीक अक्षरांत राहून जाते.

मुळात होतं काय, ते आधी पाहायला हवं. चरबी ओरबाडून काढण्याचा एक प्रयत्न १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल दुजारिए या सर्जनने केला. एका नर्तिकेचे पाय बारीक करायला गर्भाशय खरवडण्याचं धारदार हत्यार वापरलं गेलं. रक्तवाहिन्यांना इजा झाली, पाय सडला आणि कापावा लागला. त्यानंतर बरीच दशकं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. १९७४ मध्ये रोममध्ये अर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या बापलेकांनी बारीक छेदातून नळी घालून चरबी ओढण्याचं यंत्र बनवलं, पण त्यातही कापणारं पातं होतं. खरी कलाटणी दिली ती पॅरिसच्या इव्ह-जेरार इलुझ यांनी. १९७७ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्ण स्त्रीला पाठीवरची चरबीची गाठ काढून हवी होती, पण व्रण नको होता. त्यांनी बोथट टोकाची नळी वापरली. बोथट नळी मऊ चरबी ओढून घेते. त्वचेला खालच्या थराशी जोडणारे चिवट धागे, आणि त्यांतून जाणाऱ्या वाहिन्या व नसा, बऱ्याच अंशी बाजूला सरकतात आणि वाचतात.

बऱ्याच अंशी, सगळ्या नव्हे. काही मिलिमीटरच्या छेदातून ती नळी शेकडो वेळा पुढे-मागे फिरते. काम संपतं तेव्हा त्वचेखालचा थर मुंग्यांनी पोखरलेल्या वारुळासारखा झालेला असतो. फुटलेल्या केशवाहिन्यांतून रक्त झिरपतं, म्हणून काळंनिळं. लसीका वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या तुटतात, म्हणून सूज. स्पर्श वाहून नेणारे बारीक मज्जातंतू ताणले जातात, म्हणून बधिरपणा आणि पुढे मुंग्या. रिकामे बोगदे शरीर आपल्या पद्धतीने, कोलॅजनच्या धाग्यांनी, बुजवतं. म्हणून काही आठवड्यांनी हाताला लागणाऱ्या गाठी. बाहेरून चार-पाच टाके दिसतात, आत मात्र ओंजळभर नव्हे, कधीकधी वीतभर रुंद आणि हातभर लांब जखम असते. नळी अल्ट्रासाउंडची असो, लेझरची असो की कंपन करणारी, ही जखम होतेच. नव्या यंत्रांनी सर्जनचे श्रम वाचतात, काही भागांत रक्त कमी जातं. कोलॅजनला मात्र यंत्राचं नाव कळत नाही.

बरं होण्याच्या काळावर सर्वांत मोठा परिणाम केला तो कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांच्या द्रावणाने. सलाइनमध्ये लिग्नोकेन, अगदी थोडं अ‍ॅड्रेनलिन आणि सोडा मिसळून ते त्वचेखाली भरपूर भरायचं, भाग टणक फुगेपर्यंत, आणि मग चरबी ओढायची. ही पद्धत त्यांनी १९८५ मध्ये सुरू केली आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. द्रावणाशिवाय कोरडी चरबी ओढली तर बाहेर येणाऱ्या पदार्थात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त रक्त असायचं. या पद्धतीत ते एक टक्क्याच्या आसपास आलं. रक्त चढवण्याची वेळ जवळपास संपली, पूर्ण भूल न देता काम होऊ लागलं, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला.

त्याच दिवशी घरी जाण्यातच एक मेख आहे. दंतवैद्य वापरतात त्या अ‍ॅड्रेनलिनयुक्त लिग्नोकेनची नेहमीची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम. क्लाइन यांनी १९९० मध्ये या पद्धतीसाठी ३५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा सुरक्षित असल्याचं दाखवलं. ती चालते, कारण औषध चरबीतून रक्तात अतिशय सावकाश उतरतं. सावकाश म्हणजे इतकं, की रक्तातलं प्रमाण साधारण बारा तासांनी सर्वोच्च होतं. सकाळी दहाला ऑपरेशन झालेल्या बाईच्या रक्तात लिग्नोकेन शिखरावर असतं ते रात्री दहाला, म्हणजे ती घरी झोपायच्या तयारीत असते तेव्हा. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, जड जीभ, स्नायूंचे झटके ही वाढत्या विषाराची पायरीपायरीने येणारी लक्षणं आहेत. यकृतातली जी विकरं लिग्नोकेन मोडतात, तीच क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं आणि गजकर्णावर आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या अडवून ठेवतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांचाही तसाच परिणाम होतो. गजकर्णाची गोळी ही डॉक्टरला सांगण्यासारखी गोष्ट आहे असं फारसं कुणाला वाटत नाही. पहिल्या रात्री घरात एक जागं, समजूतदार माणूस हवं, हा सल्ला म्हणून केवळ मायेपोटी दिलेला नसतो.

त्या रात्री आणखी एका गोष्टीने घर घाबरतं. भरलेल्या द्रावणाचा बराच भाग आतच राहिलेला असतो आणि तो छेदांतून गुलाबी पाण्यासारखा गळत राहतो, दिवसभर, कधी दोन दिवस. चादर भिजते. रक्त मिसळलेलं पाणी असल्याने ते आहे त्यापेक्षा भयानक दिसतं. काही सर्जन हे छेद मुद्दाम उघडे ठेवतात. क्लाइन यांचं मत तेच होतं, की जितकं वाहून जाईल तितकी सूज कमी आणि पट्टाही लवकर सैल करता येईल. काही जण टाका घालून बंद करतात, कारण व्रण सुबक येतो आणि कपडे खराब होत नाहीत. मला उघडं ठेवण्याची बाजू पटते. पण ती पटायला गादीवर घालायची रबरी शीट आणि मदतीला एक माणूस घरात असावं लागतं, आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीकडे या दोन्ही गोष्टी असतीलच असं नाही.

पहिल्या आंघोळीचा धोका तर बऱ्याचदा लिहिलेलाही नसतो. आवळून बांधलेला पट्टा एकदम सोडला की रक्त त्या भागात उतरतं, दाब खाली येतो आणि माणूस भोवळ येऊन पडतो. न्हाणीघरात, ओल्या फरशीवर. पट्टा पलंगावर आडवं पडून सोडावा, दहा मिनिटं थांबावं, स्टुलावर बसून आंघोळ करावी, आणि लाज बाजूला ठेवून दाराला आतून कडी लावू नये. ज्यांनी या रुग्णांची शुश्रूषा केली आहे, त्या परिचारिका हे सांगतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. वजनाच्या काट्यावर उभं राहिलं तर काटा वर गेलेला दिसतो, कारण चरबी गेली तरी पाणी आलेलं असतं. काळंनिळं उतारावरच्या पाण्यासारखं खाली सरकतं. कंबरेवर काम झालेलं असलं तरी निळसर डाग मांडीवर, मांडीचे गुडघ्याशी. पोटाच्या लायपोसक्शननंतर जननेंद्रियांवर सूज येते, पुरुषांत वृषणांवर तर इतकी की पाहणारा हादरावा. ती बहुधा आपोआप उतरते. पण आधी सांगितलेलं नसलं तर नवरा-बायको रात्री अकराला इंटरनेटवर कॅन्सरपर्यंत पोहोचतात. दहा-पंधरा दिवसांत डाग पिवळे पडून जातात, सहा आठवड्यांत बरीचशी सूज ओसरते, बधिरपणा मात्र काही महिने रेंगाळतो. तिसऱ्या आठवड्यापासून कडकपणा, गाठी आणि खाज सुरू होते. बरेच जण याच टप्प्यावर काहीतरी बिघडलं म्हणून धावत येतात, आणि प्रत्यक्षात तो भरून येण्याचाच भाग असतो. आपल्या सावळ्या कातडीवर छेदांच्या जागी काळे ठिपके राहतात, ते गोऱ्या रुग्णांवर लिहिलेल्या पुस्तकांत ठळकपणे नसतात. फिकट व्हायला त्यांना वर्ष लागू शकतं, उन्हात ते आणखी गडद होतात.

आता पट्टा. दवाखान्यात त्याला कॉम्प्रेशन गारमेंट म्हणतात, रुग्ण नुसतं ‘बेल्ट’ म्हणतात. तीन ते सहा आठवडे, सुरुवातीला रात्रंदिवस, हा प्रघात जवळपास सगळीकडे आहे. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधायची रीत असल्यामुळे घरातल्या मोठ्यांना ही एकच सूचना विनातक्रार पटते; उलट ते ‘आणखी आवळ’ म्हणतात. दाबाने सूज कमी राहते, पोकळीत पाणी साचायची शक्यता घटते आणि त्वचा खाली नीट चिकटते, असा यामागचा तर्क आहे आणि तो वाजवी आहे. किती दाब, किती आठवडे, याची उत्तरं मात्र प्रत्येक सर्जनच्या अनुभवातून आलेली आहेत. म्हणून एकाकडे दोन आठवडे आणि दुसऱ्याकडे दोन महिने. जास्त आवळण्याचे तोटे मात्र उघड आहेत. घडी पडली तर तिथे कायमची खाच किंवा फोड. पोटावरचा दाब वाढला की पायांतून वर येणारं रक्त मंदावतं, आणि गुठळीच्या दृष्टीने नेमकं तेच नको असतं. मे महिन्यातल्या मुंबईत घामोळं आणि बुरशी. बोटं आत जावीत इतपत घट्ट, घड्या नसलेला, धुवायला दुसरा जोड असलेला पट्टा चांगला. आदल्या दिवशीपेक्षा आज जास्त आवळता आला, यात बढाई मारण्यासारखं काही नाही.

मालिशीचं प्रकरण याहून पातळ आहे. लसीका वाहिन्यांच्या दिशेने अगदी हलक्या हाताने करायची पद्धत एमिल व्होडर या डॅनिश माणसाने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित केली. ती सर्दीच्या रुग्णांपासून सुरू होऊन कॅन्सरनंतरच्या हातसुजेपर्यंत पोहोचली आणि तिथून सौंदर्यशस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये आली. लायपोसक्शननंतर तिने सूज आणि दुखणं थोडं कमी होतं असं छोट्या अभ्यासांतून दिसतं, आणि रुग्णांना बरं वाटतं हेही खरं. पण दहा सिटिंग घेतल्या नाहीत तर निकाल बिघडेल, असं सांगून पैसे घेणं ही निव्वळ विक्री आहे. हलका हात आणि जोरदार रगडणं यांतला फरकही पार्लरमधून पुसला जातो. टणक गाठी ‘फोडण्यासाठी’ केलेली जोरकस मालिश ताज्या जखमेला नवी इजा करते. बंद होत आलेल्या छेदांतून दाबून पाणी काढणं हा तर संसर्गाला घरात घेण्याचा प्रकार आहे. पाणी साचलं असेल तर ते सर्जनने निर्जंतुक सुईने काढायचं असतं.

आपल्या घरगुती उपचारांतली हळद, डिंकाचे लाडू, खिमट यांनी फारसं बिघडत नाही, एवढंच की लाडूंमुळे पुढचा हिशेब चुकतो. एक उपचार मात्र निक्षून थांबवायला हवा, तो म्हणजे शेक. ‘दुखतंय ना, गरम पाण्याची पिशवी देते’ यात माया असते, पण खालची कातडी बधिर असते. चटका बसतोय हे तिला कळत नाही आणि कळतं तेव्हा फोड आलेला असतो. बर्फाचंही तसंच, थेट ठेवला तर बधिर कातडी गारठून काळी पडते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आधी, घरात पडलेली ब्रुफेन विचारल्याशिवाय नको, कारण तिने रक्तस्राव वाढू शकतो. आणि या दिवसांत उपासाला सुट्टी द्यावी. जखम भरायला प्रथिनं लागतात. ‘आता बारीक झालोच आहोत तर’ म्हणून त्याच आठवड्यात डाएट सुरू करणारे लोक थकवा आणि सूज दोन्ही लांबवतात.

हे सगळं गैरसोयीचं झालं. जिवाचं वेगळं. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांना प्रश्नावली पाठवून ग्रेझर आणि द याँग यांनी १९९४ ते १९९८ या काळातल्या ४,९६,२४५ लायपोसक्शनची माहिती जमवली. त्यांत ९५ मृत्यू निघाले, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. २००० साली हा अहवाल आला तेव्हा खळबळ उडाली, कारण ठणठणीत माणसावर हौसेने केलेल्या शस्त्रक्रियेसाठी हे प्रमाण मोठं होतं. आता तंत्र सुधारलं आहे, काढायच्या चरबीवर मर्यादा आल्या आहेत, आणि केवळ जागेवरची भूल देऊन केलेल्या छोट्या शस्त्रक्रियांत धोका याहून खूपच कमी आहे. म्हणून तो आकडा आज जसाच्या तसा वापरू नये. त्यातली कारणांची क्रमवारी मात्र अजून उपयोगाची आहे. सुमारे चौथ्या हिश्श्याचे मृत्यू पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन झाले होते. त्याखालोखाल नळीने पोटाचा पडदा किंवा आतडं भोसकलं जाणं, मग भूल, मग चरबीचे कण रक्तात जाणं.

यातली बरीच संकटं टेबलावर उघडी पडत नाहीत. चरबीचे कण फुप्फुसात अडकले तर पहिल्या एक ते तीन दिवसांत धाप, गोंधळलेपणा, छातीवर बारीक लाल पुरळ. गुठळीचा धोका पुढचे काही आठवडे असतो: एका पोटरीची सूज, अचानक लागलेली धाप, श्वास घेताना छातीत कळ. आतड्याला भोक पडलं असेल तर पोट दुखतं, आणि इथेच घात होतो, कारण पोटाचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर ‘पोट दुखणारच’ हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर तयार असतं. नेहमीचं दुखणं रोज थोडं कमी होत जातं. जे रोज वाढतं, ज्याच्यासोबत ताप, उलट्या किंवा फुगलेलं कडक पोट आहे, ते नेहमीचं नव्हे. कातडीच्या मानाने वेदना अचाट असेल आणि लाली तासागणिक पसरत असेल, तर तो मांसावरचा थर खाणारा संसर्ग असू शकतो. त्यासाठी सकाळपर्यंत थांबता येत नाही. याउलट क्षयरोगाच्या जंतूंच्या दूरच्या नातलगांचा एक संसर्ग सावकाश येतो. नीट निर्जंतुक न केलेल्या नळ्यांतून हे जंतू आत जातात आणि टाके भरल्यावर कित्येक आठवड्यांनी छेदांच्या आसपास लाल, दुखऱ्या गाठी उठतात. साध्या प्रतिजैविकांना त्या दाद देत नाहीत; कधी कधी महिनोन्‌महिने दोन-तीन औषधं घ्यावी लागतात.

गुठळी टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय चालणं हा आहे आणि त्याला कुणाचा विरोध नाही. त्याच संध्याकाळी घरातल्या घरात, दर तासा-दोन तासाला. आपल्याकडे ‘ऑपरेशन झालंय, उठू नकोस’ म्हणणारी माणसं फार. त्यांना पाहुणचारासाठी घ्यावं, शुश्रूषेसाठी नव्हे. गर्भनिरोधक गोळ्या, सिगारेट, आधी कधी झालेली गुठळी यांचे गुण मोजून काही जणांना रक्त पातळ करणारी इंजेक्शनं द्यावी लागतात. अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने एकूण ५ लिटरपेक्षा जास्त द्रव काढायचा असेल तर रात्रभर नीट सुविधा असलेल्या ठिकाणी देखरेख हवी, अशी रेषा आखली आहे. ‘आठ लिटर काढून दिले’ असं अभिमानाने सांगणाऱ्या दवाखान्यात रुग्ण रात्री कुठे झोपतो, ते विचारावं.

या रात्रींची किंमत काही नावांसह नोंदली गेली आहे. गायक कान्ये वेस्टची आई डॉन्डा वेस्ट २००७च्या नोव्हेंबरमध्ये लायपोसक्शन आणि स्तनशस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी घरी मरण पावली. तिला हृदयविकार होता. त्यानंतर कॅलिफोर्नियाने तिच्या नावाने कायदा केला, की अशा शस्त्रक्रियेआधी शारीरिक तपासणी आणि लेखी मंजुरी हवीच. आपल्याकडे २०२२ मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांतली चेतना राज ही एकवीस वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. आठवडाभर बातम्या झाल्या.

परदेशी जाऊन स्वस्तात ऑपरेशन करून घेणाऱ्यांचा हिशेब याहून कडवा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४च्या जानेवारीत दिलेल्या अहवालानुसार २००९ ते २०२२ या काळात डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकन नागरिक मरण पावले. ज्यांच्या कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास झाला, त्यांत गुठळ्या आणि चरबीचे कण हीच मुख्य कारणं होती. चरबी काढून नितंबांत भरण्याची शस्त्रक्रिया त्यांत बऱ्याच जणांनी करून घेतली होती. डिसेंबरात लग्नासाठी घरी येऊन, तीन आठवड्यांच्या सुट्टीत ऑपरेशन उरकून परतीच्या लांबच्या विमानात बसणाऱ्या आपल्या अनिवासी मंडळींनीही हा अहवाल नजरेखालून घालावा. ताजी जखम, घट्ट पट्टा, पंधरा तास गुडघे दुमडून बसणं, आणि उतरल्यावर गाठ सुजली तर दाखवायला ऑपरेशन करणारा सर्जन सात समुद्रांपलीकडे.

समजा सगळं सुरळीत झालं, सहा महिने गेले. मग? गेलेली चरबी गेली का? इथे संशोधन चांगलं आहे आणि सांगायला थोडं अवघड. कोलोरॅडो विद्यापीठात लठ्ठ नसलेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी शरीरातली चरबी स्पष्ट कमी होती, वर्षाच्या शेवटी मात्र एकूण चरबी पूर्वीइतकी झाली. मांड्या बारीकच राहिल्या; चरबी पोटाकडे वळली. साओ पाउलोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की पोटाच्या छोट्या लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांत सहा महिन्यांत आतड्यांभोवतीची चरबी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. दोन महिन्यांनी व्यायाम सुरू करून आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांत ती वाढली नाही. बरं होण्याच्या काळातल्या सगळ्या सूचनांमध्ये, माझ्या मते, पुराव्याने सर्वांत भक्कम अशी हीच एक आहे आणि ती सर्वांत शेवटी, उभ्या उभ्या सांगितली जाते.

मराठी वाचकाने यात एक स्थानिक जोड लावून घ्यावी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेला ‘बारीक दिसणारा जाड भारतीय’ आता जगभर माहीत आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला: दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या शरीराचा कल पोटात चरबी साठवण्याकडे असतो. लायपोसक्शनची नळी त्वचा आणि पोटाच्या स्नायूंच्या मधलीच चरबी ओढते. स्नायूंच्या आतली, मधुमेहाशी नातं सांगणारी चरबी तिच्या आवाक्याबाहेर असते. सेंट लुईसमधल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंधरा लठ्ठ स्त्रियांची नऊ-दहा किलो चरबी काढल्यावरही दहा-बारा आठवड्यांनी इन्सुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काही फरक पडला नव्हता. कडक, पुढे आलेल्या पोटाचे पन्नाशीतले गृहस्थ ‘ढेरी काढून द्या’ म्हणून येतात, तेव्हा प्रामाणिक सर्जन त्यांना बोटांच्या चिमटीत काय येतंय ते दाखवून परत पाठवतो.

दुसऱ्या टोकाला स्वीडनच्या माल्मो शहरातलं काम आहे. तिथे हॉकन ब्रोरसन यांनी १९८७ पासून कॅन्सरनंतर सुजून चरबीने भरलेल्या हातांवर लायपोसक्शन केलं. हात दुसऱ्या हाताइतका होतो आणि तसाच राहतो, एका अटीवर: दाबाची बाही आयुष्यभर, रोज घालायची. सोडली की सूज परत. तिथल्या रुग्णांना ही अट ऑपरेशनच्या आधी सांगितली जाते आणि जे तयार नसतात त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत नाही. आजारासाठी केलेल्या लायपोसक्शनमध्ये नंतरच्या काळाला इतकं वजन दिलं जातं, आणि हौसेच्या लायपोसक्शनमध्ये तोच काळ एका छापील चिठ्ठीत मावतो.

पैशांचा भाग थोडक्यात. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात सहसा बसत नाही. उपचारांना वस्तू व सेवाकरात सूट असली तरी हिला नाही, वर १८ टक्के द्यावे लागतात. त्यातून उद्भवलेली गुंतागुंतही विमा कंपन्या बहुधा नाकारतात, म्हणजे गुठळीसाठी अतिदक्षता विभागात काढलेले दिवस स्वतःच्या खिशातून. राहिलेला खड्डा किंवा उंचवटा दुरुस्त करायचा असेल तर सहा महिने तरी थांबावं यावर सर्जनांचं बऱ्यापैकी एकमत आहे, कारण तोवर सूज कुठली आणि चूक कुठली हे सांगता येत नाही. ती दुरुस्ती पहिल्या पैशांत येते की नव्याने पैसे पडतात, आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी तपासणारा सर्जन तोच असतो की दुसऱ्या शहरातून महिन्यातून एकदा येणारा पाहुणा, आणि रात्री दोन वाजता धाप लागली तर कोणत्या नंबरवर माणूस फोन उचलतो, ही तीन उत्तरं सहीच्या आधी कागदावर घ्यावीत. नळी कुठल्या कंपनीची आहे ते नंतर विचारलं तरी चालेल.